डबा डॅनफोर्थवरच राहिला आहे

सांगली
१४ ऑक्टोबर

चि. मृदुला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्याकडून, टोरांटोहून, मी सुखरूप पोहोचल्याचे तुला मुंबईहून फोनवर कळवले, त्याला आज अकरा दिवस झाले. त्या फोनवर तू ‘ठीक आहे, गोळ्या घ्या’ म्हणालीस आणि मी ‘बरं’ म्हणालो. विमानतळावर निरोप घेतानाही आपण बॅगांच्या वजनाखेरीज कशाविषयी बोललो नाही. तोंडाने बोलायला गेलो की माझा आवाज चढतो असे तुझी आई म्हणते, आणि ते खरे असल्यामुळे हे पत्र हाताने लिहून संदीपकडून त्याचे फोटो काढून पाठवतो आहे. अक्षर कापलेले दिसले तर त्याचा संबंध साखरेशी लावू नकोस. पेन वाईट आहे. साखर उपाशीपोटी १३८ आली.

आधी त्या रविवारचे. चूक माझी होती. फोन चार्ज न करता मी सकाळी बाहेर पडलो, संध्याकाळी जेरार्ड स्ट्रीटवर ५०६ नंबरच्या ट्राममध्ये बसलो आणि खिडकीची जागा मिळाल्यावर मला झोप लागली. यंग स्ट्रीटला उतरायचे ते राहिले, आणि चालकाने दंडाला हात लावून उठवले तेव्हा गाडी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हाय पार्कच्या शेवटच्या थांब्यावर उभी होती. ज्या माणसाने एसटीत अकरा वर्षे वाहक म्हणून शेवटच्या थांब्यावर झोपलेल्या उतारूंना असेच उठवले, त्याच्यावर ही वेळ यावी याचे मला तिथल्या तिथे हसू आले होते. पण तू तिकडे साडेनऊपर्यंत कोणत्या अवस्थेत बसली होतीस हे मला दार उघडल्यावर तुझा चेहरा पाहूनच कळले. तू ओरडलीस ते योग्यच होते. शुगर असलेल्या बासष्ट वर्षांच्या माणसाने परक्या शहरात दिवसभर वाटेल तिथे वाटेल ते खात हिंडू नये, हेही योग्यच. त्यावर मी जे वाक्य बोललो, की ‘तुझ्या घरात माणसाने जेवायचं तरी कुणाबरोबर’, ते मात्र बोलायला नको होते. मुलीच्या घरी नऊ आठवडे पाहुणचार घेऊन असे बोलणे हा कृतघ्नपणा झाला. त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे, आणि जेवणाचा तो विषय या पत्रात पुन्हा काढायचा नाही असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

तुला तुझ्या शहराविषयी लिहायचे आहे. सात वर्षे तिथे राहूनही तू टोरांटो पाहिलेले नाहीस असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तू सकाळी लिफ्टने खाली जातेस, भुयारी गाडीने बँकेत जातेस, संध्याकाळी लिफ्टने वर येतेस. तुझ्या सत्ताविसाव्या मजल्यावरून तळे सुंदर दिसते. माणसे मात्र दिसत नाहीत. पहिले चार दिवस मीही तळेच पाहिले. पाचव्या दिवशी कार्ड घेऊन खाली उतरलो. एकदा ते कार्ड यंत्राला लावले की दोन तास कोठेही उतरावे, पुन्हा चढावे, दुसरी गाडी धरावी, वेगळे पैसे नाहीत, ही व्यवस्था समजल्यावर माझ्यातला जुना वाहतूक नियंत्रक जागा झाला. मग मी रोज नऊनंतरची, गर्दी ओसरलेली गाडी धरू लागलो. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली आणि रूळ उखडले गेले, हे अण्णा हळहळून सांगत. टोरांटोनेही आपल्या ट्राम मोडीत काढायचे ठरवले होते, पण नागरिकांनी हट्ट धरला आणि १९७२ मध्ये तो निर्णय फिरवावा लागला. त्या हट्टी लोकांचे माझ्यावर उपकार आहेत.

एका ५०६ नंबरच्या गाडीत बसून माणूस किती देश ओलांडतो याचा हिशेब मी तुझ्या फ्रीजवरच्या कागदावर मांडून ठेवला होता. तो तू बहुधा बिल समजून फेकलास. पूर्वेकडे मेन स्ट्रीटला बसावे. थोड्याच वेळात जेरार्डवरचा आपला बाजार लागतो. १९७२ मध्ये तिथे एकाने हिंदी चित्रपटांचे थिएटर काढले आणि त्या प्रेक्षकांच्या भुकेवर सगळी दुकाने उभी राहिली. तिथे फुटपाथवर कोळशाच्या शेगडीवर कणीस भाजून, लिंबू-तिखट चोळून देतात. कणीस गोड, म्हणजे आपल्या चवीला बेताचेच, पण तो वास हरिपूरच्या वाटेवरचा. पुढे ब्रॉडव्ह्यूला एक चायनाटाउन लागते, डॉन नदी ओलांडली की जुनी विटांची घरे, मग इस्पितळे, विद्यापीठ, स्पडायनाचे दुसरे, मोठे चायनाटाउन, त्यापलीकडे इटालियन लोकांची कॉफीची दुकाने, आणि शेवटाकडे रॉन्सेसव्हेल्स नावाची पोलिश वस्ती. तिथे पिएरोगी म्हणून एक प्रकार मिळतो. बटाट्याचे सारण भरून कडा दुमडलेली ती उकडलेली करंजीच आहे. तुझ्या आजीने पाहिली असती तर ‘मुरड नीट पडली नाही’ एवढेच म्हणाली असती.

स्पडायनाला उतरून मागच्या गल्लीत शिरले की केन्सिंग्टन मार्केट. शंभर वर्षांपूर्वी तिथे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांनी घराच्या पुढच्या खोल्यांत दुकाने मांडली. त्यांची दोन जुनी प्रार्थनामंदिरे अजून उभी आहेत. ते वर सरकले, तशी त्यांची जागा पोर्तुगिजांनी घेतली, मग वेस्ट इंडीजचे लोक आले, चिनी आले, दक्षिण अमेरिकेतले आले. प्रत्येकाने आधीच्या माणसाच्याच ओट्यावर आपला माल मांडला. मला ते शनिवारच्या बाजारासारखे वाटले आणि मी तिथे चार वेळा गेलो. मॉलमधल्या त्या फूड कोर्टात तू मला नेलेस, ते मात्र मला आवडले नाही, हे आता सांगायला हरकत नाही. तिथे दहा देशांचे जेवण एकाच तेलाच्या वासाचे होते.

डबल्स तुला माहीत आहेत का? स्कारबरोच्या एका दुकानात मी रांगेत उभा राहून खाल्ले. हळद घातलेल्या दोन मऊ पुऱ्या, त्यांना ते ‘बारा’ म्हणतात, त्यात काबुली चण्याची उसळ आणि वर कैरीचे तिखट लोणचे. कागदात गुंडाळून देतात आणि कोपरापर्यंत ओघळत खावे लागते. दुकानदारीण त्रिनिदादची होती. ३० मे १८४५ रोजी कलकत्त्याहून मजुरांचे पहिले जहाज त्रिनिदादला लागले, त्यातल्या लोकांच्या भाकरी-डाळीचे दीडशे-पावणेदोनशे वर्षांत हे झाले. आपल्याकडचे मॉरिशसला गेले, त्यांच्यासारखीच गोष्ट. तिला हिंदी येत नव्हते, मला तिचे इंग्रजी कळत नव्हते, पण तिने फळ्यावर लिहिलेल्या ‘दालपुरी’कडे बोट दाखवले आणि मी मान डोलावली. ती दालपुरी म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच, मृदुला. आजोळहून फार लांबच्या वाटेने आलेले माणूस चेहऱ्यावरून ओळखू यावे तसे मला झाले.

त्याच भागात कलकत्त्याच्या टांगरा वस्तीतून आलेले चिनी लोक आहेत. १९६२ च्या युद्धानंतर त्यांच्यावर जे प्रसंग आले त्यामुळे त्यांनी देश सोडला. त्यांची पाटी ‘हक्का’ आणि चव आपल्या गाड्यावरच्या मंचुरियनची. म्हणजे चीनमधून बंगालमध्ये, बंगालमधून कॅनडात, आणि खाणारा सांगलीचा. भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत जमैकाची पॅटी मिळते. तिच्यात मांसाबरोबर पिठाचे कवच असल्यामुळे तिला पॅटी म्हणता येणार नाही असे १९८५ मध्ये सरकारी खात्याने विक्रेत्यांना बजावले होते, आणि शेवटी ‘जमैकन पॅटी’ या नावावर तडजोड झाली. मी भाजीची घेतली. ती पावात घालून देतात. वडापावाचा शोध माणसांनी किती ठिकाणी लावला आहे!

शहरातली जवळजवळ निम्मी माणसे परदेशांत जन्मलेली आहेत. त्यांतले कोणीही हौस म्हणून निघालेले नाही. कोणी युद्धामुळे, कोणी कर्जामुळे, कोणी, आपल्या पंजाबी पोरांसारखे, आईबापांची जमीन गहाण ठेवून आलेले. तरी मी पाहिले की ते जेवायला बसतात तेव्हा चौघे मिळून बसतात. बाकांवर बसतात, दुकानाच्या पायरीवर बसतात. आणि माझी मुलगी, जिच्या घरात चार खुर्च्यांचे टेबल आहे, ती रात्री सव्वानऊला सिंकपाशी उभी राहून प्लास्टिकच्या डब्यातून चमच्याने थंड भात खाते, आणि डाव्या हाताने फोन वर सरकवते.

लिहू नये म्हणता म्हणता लिहिले. ते पान फाडून टाकणार होतो, पण मागच्या बाजूला डबल्सचे लिहिलेले आहे. आता लिहिलेच आहे तर एवढे ऐक. मी आल्यावर तू रोज माझ्यासाठी ताट वाढलेस, चटणीसुद्धा वाढलीस, आणि स्वतः ‘नंतर खाते, कॉल आहे’ म्हणालीस. नऊ आठवड्यांत आपण एकत्र किती वेळा जेवलो ते मी मोजले आहे. आकडा लिहीत नाही. अवेळी खाल्ल्याने पित्त होते, उभ्याने खाल्लेले अंगी लागत नाही, अन्न चावताना मन दुसरीकडे असले की पोट भरल्याचे कळत नाही... बघ, मी पुन्हा व्याख्यान देऊ लागलो. तुझे काम कसे आहे, तिकडचे तास कसे आहेत, रोहनच्या त्या सगळ्या प्रकारानंतर घर एकटीने कसे सावरलेस, हे मला कळत नाही असे नाही. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा मलाही दिवसाला दोन घास वेळेवर मिळत नव्हते.

पण मी एकटा जेवत नव्हतो, हे मात्र खरे. शिराळ्याकडच्या मुक्कामाच्या गाडीवर मी तीन वर्षे होतो. रात्री नऊला गाडी गावात पोहोचायची, देवळासमोर उभी करायची, आणि चालक व मी टपावर अंथरूण टाकायचो. तिथे एक म्हातारी होती, तिचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. ती कंदील घेऊन यायची, भाकरीच्या चळतीवर पिठल्याचे तांब्याचे भांडे, आणि आमचे जेवण होईपर्यंत पायरीवर बसून राहायची. एकदा मी म्हणालो, ‘मावशी, भांडं ठेवून जा, सकाळी देतो.’ तेव्हा ती म्हणाली, ‘भांड्यासाठी न्हाई बसले बाबा.’ त्या वेळी माझे लग्न झालेले नव्हते आणि मला ते कळले नाही. पुढे तू झालीस. दुपारपाळी संपवून मी साडेदहाला घरी यायचो आणि तू ‘बाबा आल्यावर जेवणार’ म्हणून भिंतीला टेकून झोपलेली असायचीस. आई तुला उठवायची, तू डोळे न उघडता दोन घास खायचीस. दुसऱ्या दिवशी काही आठवायचे नाही आणि ‘काल मला जेवायला नाही उठवलं’ म्हणून भांडायचीस.

आता डॅनफोर्थ रस्त्याचे लिहितो, कारण त्या रविवारी मी दिवसभर कोठे होतो हे तू मला विचारलेस आणि मी रागाच्या भरात सांगितले नाही. ग्रीक लोकांची दुकाने संपल्यावर, ग्रीनवुड स्टेशनाच्या पुढे इथिओपियाच्या खानावळी आहेत. तिथे मी आधी दोनदा बुधवारी गेलो होतो. बुधवार आणि शुक्रवार हे त्यांच्या पंथाचे उपासाचे वार. त्या दिवशी दूध, तूप, मांस काही चालत नाही, त्यामुळे एका मोठ्या परातीत सगळ्या भाज्याच येतात. खाली इंजेरा, म्हणजे तेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ काही दिवस आंबवून एकाच बाजूने भाजलेली, जाळीदार, परातभर आंबोळी. वर मसुरीची तिखट डाळ, कोबी-बटाटा, पालेभाजी, आणि मधोमध शिरो. हा शिरो गोड नसतो. ते चण्याचे पीठ कांदा-लसणात शिजवलेले, रटरट उकळत आलेले पिठले असते. पहिल्या घासाला मी मान खाली घातली, कारण मला ती म्हातारी आणि तिचा कंदील आठवला.

रविवारी मी तुझे म्हणणे ऐकून घरून डबा नेला होता, आईच्या भाजणीची दोन थालीपिठे. मालकीणबाईंनी, त्या माझ्याच वयाच्या असाव्यात, तो उघडलेला पाहिला. दुसऱ्याच्या खानावळीत आपला डबा उघडणे असभ्यच होते, म्हणून मी झाकू लागलो, तर त्या समोर येऊन बसल्या. मी थालीपीठ पुढे केले. त्यांनी मधले भोक पाहिले, बोट घालून हसल्या, एक तुकडा खाल्ला आणि आतल्या मुलीला हाक मारून तिलाही दिला. मग त्यांनी इंजेराचा तुकडा तोडला, त्यात डाळ आणि शिरो घेऊन त्याची सुबक गुंडाळी केली आणि ती थेट माझ्या तोंडासमोर धरली. मी मागे सरकलो. मुलीने सांगितले की याला गुर्शा म्हणतात, पाहुण्याला आपल्या हाताने घास द्यायचा असतो, आणि घास जितका मोठा तितके प्रेम जास्त. घास भलताच मोठा होता. माझ्या तोंडात शेवटचा घास कोणी भरवला होता ते मला आठवेना. बहुधा लग्नात तुझ्या आईने.

जेवणानंतर त्यांनी कच्चे कॉफीचे दाणे तव्यावर भाजले, तो धुराचा तवा प्रत्येकाच्या नाकाशी नेला आणि मातीच्या काळ्या सुरईतून कॉफी ओतली. तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीचे नाव अबोल. नाव ऐकून मला हसू आले, आणि मग नाही आले. दुसरी टोना, तिसरी बरका, म्हणजे आशीर्वाद. तिसरी घेतल्याशिवाय उठायचे नसते, म्हणून मला इतका उशीर झाला. साखर घातली नव्हती.

माधवकाकाविषयी मला लिहायचे नाही. तोही म्हणायचा, ‘मी मजेत आहे, वहिनी, डबा लावलाय.’ डोंबिवलीची ती खोली आवरायला मी गेलो तेव्हा तिथे एक ताट, एक वाटी आणि एक पेला होता. तुझ्या कपाटात सहा प्लेट आहेत, मी पाहिल्या आहेत, त्यांतल्या चारांवरचा कागदाचा लेबल अजून निघालेला नाही. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मी स्वतःला रोज सांगतो. तू बँकेत बावीस माणसांची प्रमुख आहेस. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने माझा कागद पाहून ‘मुलगी बोलावते का’ विचारले, तेव्हा मी ज्या आवाजात ‘येस’ म्हणालो त्याने मागचा माणूस दचकला. इथे डेपोतल्या जुन्या मंडळींना मी तुझ्या इमारतीचा फोटो दाखवला आणि खिडकी मोजून दाखवली.

आणखी एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. तुझे पार्सल घेऊन येणारा तो लुधियानाकडचा मुलगा, सायकलवाला, एकदा खाली लॉबीत पावसात भिजून उभा होता आणि तू कॉलवर होतीस, म्हणून मी उतरलो. मी त्याला सवयीने ‘जेवलास का’ असे मराठीतच विचारले. त्याला ते कळले. ‘नहीं अंकल, रात को ग्यारह बजे, सब लड़के साथ में बनाते हैं,’ असे तो म्हणाला. सहा जण एका तळघरात राहतात. त्याच्या पिशवीत तुझा एकटीचा डबा होता.

आता पुरे करतो. आई म्हणते आहे की कोजागरीचे आटवलेले दूध तुझ्या आठवणीने उरले, हे लिहा. आजीने विचारले आहे की तिकडे रताळी मिळतात का. मिळतात, मी जेरार्डवर पाहिली आहेत. थंडी सुरू होईल, कानटोपी कपाटाच्या खालच्या खणात आहे. भाजणी पाटलांच्या सुनेबरोबर पुढच्या महिन्यात पाठवतो.

एक काम मात्र तुला करावे लागेल. स्टीलचा डबा त्या खानावळीत राहिला आहे. त्या रात्री मी तो विसरलो असे तुला सांगितले आणि ‘आईचा डबाही घालवून आलात’ हे तुझे बोलणे निमूट ऐकून घेतले, पण ते तितकेसे खरे नव्हते. निघताना त्या बाईंनी तो धुऊन, पुसून माझ्या हातात दिला होता. मीच तो पुन्हा त्यांच्या काउंटरवर ठेवला आणि मुलीला सांगितले की माझी लेक घ्यायला येईल. झाकणावर आजीचे नाव कोरलेले आहे, त्यामुळे ओळख पटवायला अडचण येणार नाही. ती अक्षरे काय आहेत हे त्यांना जाणून घ्यायचे होते. ते तू सांग.

तुझे,
बाबा

ता. क. बुधवारी किंवा शुक्रवारी गेलीस तर परात मिळेल. ती एका माणसाला संपत नाही.